सातव्या माळेचं वजन

अश्विन लागला की मला एका जागी बसवत नाही. बसले तर उठते, उठले की कशाला उठले तेच विसरते. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅससमोर उभी राहते आणि डोळ्यांदेखत उतू जाऊ देते. परवा मिठाचा डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि दुपारभर घरात मीठ शोधत फिरले. घटाची परडी, काळी माती, सात धान्यं सगळं दोन दिवस आधीच आणून ठेवलं होतं, तरी दिवसातून चारदा उघडून बघायची की मुंग्या तर लागल्या नाहीत. सून म्हणते, आई, डॉक्टरला दाखवू का एकदा. मी म्हणते, डॉक्टर काय करील बाई, हवाच अशी आहे.

आणि हवा असतेच तशी. पाऊस गेला म्हणेपर्यंत परत येतो, आला म्हणेपर्यंत ऊन पाठ भाजून काढतं. रानात सोयाबीन कापून त्याचे ढीग घातलेले, प्रत्येकाची मान आभाळाकडं. माझं माहेर औशाकडचं. तिकडं या दिवसांत मळणीयंत्रं सुरू होतात, पिवळा भुस्सा उडतो, अंगाला खाज सुटते, नाकपुड्या आतून पिवळ्या होतात. मी नांदेडात येऊन चाळीस वर्षं झाली, पण अश्विनात माझं नाक आपोआप खाजतं. शरीराला काही गोष्टी कुणी सांगाव्या लागत नाहीत.

माझी खानावळ विद्यापीठाच्या मागच्या रस्त्याला आहे. पाटी आहे, पण नाव कुणी वाचत नाही, सगळे 'मावशीकडं' म्हणतात. जेवायला येतात ते बहुतेक खेळाचं शिकणारे. कुणी धावणारं, कुणी कबड्डीवालं, कुणी भाला फेकणारं, आणि कुस्तीच्या पोरी. यांची अभ्यासाची पुस्तकंही अजबच असतात, त्यात हाडांची चित्रं असतात. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण पोरी परीक्षेच्या दिवसांत माझ्या ओट्यावर बसून मोठ्यानं पाठ करायच्या, मी भाकरी थापता थापता ऐकायची. असं ऐकून ऐकून मला मांडीच्या स्नायूंची नावं येतात. पुढं त्यांनी टाकून दिलेल्या वह्या वाचायला लागले आणि मग वाचायची सवयच लागली.

परवा घट बसले त्या दिवशी सकाळी पहिल्या वर्षाची एक नवी पोरगी आली, वहीत नाव लिहून झाल्यावर हळूच म्हणाली, मावशी, आजपासून माझं ताट नको, उपवास हाय. मी विचारलं, "देवीचा का काट्याचा?"

ती भांबावली. जुन्या पोरी हसायला लागल्या. त्यांना माहीत आहे, हा प्रश्न मी नवरात्रात प्रत्येकीला विचारते. देवीचा म्हणजे देवीचा. काट्याचा म्हणजे वजनकाट्याचा, अमुक किलोच्या गटात बसायचं म्हणून धरलेला. दोन्हीचं ताट माझ्याकडं वेगवेगळं असतं. हा प्रश्न मला एका पोरीनं शिकवला, आणि शिकवताना तिचं फार गेलं. सांगते.

त्याआधी या पोरींचा दिवस कसा जातो ते सांगायला पाहिजे. आपल्याला वाटतं खेळाडू म्हणजे उड्या मारणार, शिट्ट्या फुंकणार, वह्या कोऱ्या. तसं नसतं. पहाटे साडेचारला होस्टेलच्या नळावर बादल्या वाजतात. अंधारातच बूट घालून पळायला जातात. परत आल्या की भिजवलेले हरभरे, दोन बदाम, मग तालमीत. तालमीच्या कोपऱ्यात मारुती आहे. जुन्या लोकांचं म्हणणं की बायकांनी त्याच्याजवळ जाऊ नये. पोरी वाद घालत नाहीत, उंबऱ्यातूनच हात जोडतात, आणि आत जाऊन त्याच्याच समोर एकमेकींना उचलून आपटतात. मारुतीनं कधी तक्रार केल्याचं ऐकलं नाही. मॅटवर पाय ठेवायच्या आधी वाकून हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा, हे तर देवाला न मानणाऱ्या पोरीसुद्धा करतात. नऊला कॉलेज, चारला पुन्हा सराव, सातला माझ्याकडं जेवण. रविवारी संध्याकाळी माझी चूल बंद, तेव्हा सगळ्या मिळून गुरुद्वाऱ्यात लंगरला जातात, डोक्यावरून ओढणी घेऊन भांडीही घासून येतात. माझ्याकडं मात्र स्वतःचा पेला विसळायला हात जड होतो.

तर त्या पोरीचं नाव शिवकन्या. आमच्याच औसा भागातली, आमच्याच लिंगायतांतली. गळ्यात लिंग. कुस्तीत गळ्यात काही चालत नाही, म्हणून सरावाआधी ते काढायची, डोळ्यांना लावायची, छोट्या डबीत ठेवायची, आणि ते परत गळ्यात येईपर्यंत एक शब्द बोलायची नाही. कुस्तीचे सर ओरडत, पोरी चिडवत, ही गप्प. तिची खोलीतली सोबतीण नाझिया, नांदेडचीच, चारशे मीटर धावणारी. ती म्हणायची, मावशी, हिच्याशी भांडायचं असलं तर सरावाच्या टायमाला भांडायचं, जीतना पक्का.

शिवकन्याचं ते शेवटचं वर्ष. गावी पाच एकर, धाकटा भाऊ शाळेत, आणि वडिलांनी उन्हाळ्यातच सांगून टाकलेलं की यंदा विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पुढं शीक, खेळ, मी आडवा येणार न्हाई. न्हाई झाली तर पेटी घेऊन घरी ये, स्थळ आलंय. हे तिनं मला कढी वाढताना सांगितलं होतं, इतक्या सहज की मला आधी कळलंच नाही की पोरगी काय बोलून गेली. विद्यापीठाच्या संघातून बाहेर खेळलं की रंगीत कोट मिळतो, खिशावर चिन्ह असलेला. त्याला सगळे कलर कोट म्हणतात. पोलीस भरतीत, पुढच्या प्रवेशात त्याचं वजन पडतं. पण शिवकन्याला त्या कोटाचं काही नव्हतं. तिला परत जायचं नव्हतं, एवढंच.

आता कुस्तीचं गणित ऐका. प्रत्येक वजनाच्या गटातून एकच पोरगी निवडतात. शिवकन्याचं वजन पंचावन्न. आणि पंचावन्नात परभणीची एक पोरगी होती, दोन वर्षं तिला कुणी चीत केलेलं नव्हतं. तेव्हा सरांनी आणि हिनं मिळून ठरवलं की दोन-अडीच किलो उतरवून त्रेपन्नात उतरायचं. त्रेपन्नात एकच पोरगी होती, तीही लिंबूटिंबू.

हे मला कुणीच सांगितलं नाही. का नाही सांगितलं, तर माझ्या स्वभावामुळं. माझ्या खानावळीत कुणी अर्धपोटी उठलेलं मला खपत नाही. भाकरी नको म्हटलं की मी चतकोर टाकते, चतकोर नको म्हटलं की वरून ठेचा देते म्हणजे चतकोर लागतेच. पोरी याला 'मावशीचा पट' म्हणतात. पट हा कुस्तीतला डाव, पायाला धरून पाडायचं. यातून सुटायचं एकच दार होतं आणि ते शिवकन्यानं बरोबर शोधलं. पहिल्या माळेला आली आणि म्हणाली, "मावशी, मी नवरात्र करून राहिले."

मी विचारलं, तुमच्या घरी घट असतो का गं? ती म्हणाली, आई करती, यंदा मला दिलंय.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आजकालची पोर, दिवसाला दोनदा सराव, परीक्षा तोंडावर, आणि नऊ दिवस उपवास. मी सगळ्या खानावळीसमोर तिचं कौतुक केलं. इतर पोरींना सुनावलं की बघा, शिका काहीतरी. आणि उपवासाची पोरगी म्हटल्यावर फराळ देणं माझं काम. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट सढळ हातानं. भगर, दाण्याची आमटी. उकडलेली रताळी. राजगिऱ्याचे लाडू. अर्धापूरची केळी तर घडच्या घड आणून टांगलेली. ती म्हणायची, एवढं नको मावशी. मी म्हणायची, उपाशी पोरीला फराळ न देणं म्हणजे पाप, आणि ते पाप तू माझ्या माथी मारणार का? मान खाली घालून दोन घास खायची, बाकीचं केळीच्या पानात बांधून न्यायची. खोलीवर जाऊन नाझियाला द्यायची. नाझियाचं वजन त्या नवरात्रात दीड किलो वाढलं, हे मला मागाहून कळलं.

खुणा कमी नव्हत्या. अश्विनातल्या त्या उन्हात, दुपारी तीनला, ही पोरगी दोन स्वेटर आणि त्यावर रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारायची. मी म्हटलं, अंगात आलंय. कोपऱ्यावरच्या भुसार दुकानात दिवसातून दोनदा जायची. मला वाटलं राजगिरा आणायला जाते. ती तिथल्या पोती मोजायच्या काट्यावर उभी राहायला जायची, दुकानदार शेंगदाण्याचं पोतं उतरवून तिला जागा करून द्यायचा. आणि पाचव्या माळेपासून हातात एक स्टीलचा पेला, त्यात सारखी थुंकायची. मी विचारलं तर म्हणाली, कडक उपवास हाय. मी धन्य झाले. पोरगी तोंडातली लाळसुद्धा गिळत नाही.

नाझिया शेजारीच डाळ-भात कालवत होती. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, आमच्या रोज्यात पण थुंकी गिळायला मुभा हाय."

सगळ्या खो-खो हसल्या. शिवकन्याही हसली, मग पेल्यात थुंकली. मीही हसले. मला वाटलं, पोरी थट्टा करतायत. माझं पोरींना हाडांची नावं सांगण्यापर्यंत ज्ञान गेलं होतं, पण समोरच्या पोरीचे गाल बसलेले मला दिसत नव्हते. म्हणजे दिसत होते, पण मला ते तेज वाटत होतं.

एका संध्याकाळी ती ओट्यावर बसून आहाराचा धडा वाचत होती. मीच म्हटलं, मोठ्यानं वाच, माझंही होईल. तिनं वाचलं की स्टार्च आणि साखर असलेलं अन्न शरीरात पाणी धरून ठेवतं. साबुदाणा, बटाटा, केळं, असं एकेक नाव घेताना ती थांबून माझ्याकडं बघायची. मी खिचडी परतत होते. म्हटलं, पाणी धरून ठेवतं ना, मग बरंच की, ऊन किती आहे. तिनं पुस्तक मिटलं. आता आठवलं की वाटतं, त्या पोरीनं सांगायचा केवढा प्रयत्न केला होता. आपण ऐकतो तेव्हा आपल्याला पाहिजे तेच ऐकतो. चाळीस वर्षं मी हा उपवास करतेय, आणि खरं सांगायचं तर नवरात्रात जेवढं खाते तेवढं एरवी खात नाही. तिचा उपवास लटका म्हणावा तर माझा कुठं खरा होता? ती रात्री तहानेनं जागी असायची आणि मी साबुदाणा भिजला का म्हणून जागी. देवी वरून बघत असेल तर तिनं कुणाच्या नावावर काय मांडलं असेल, या विचारानं मी अजून कूस बदलत राहते.

सहाव्या माळेला संध्याकाळी मी कुमारिकापूजन केलं. दरवर्षी करते. खरं तर त्यासाठी लहान पोर लागते, सात-आठ वर्षांची. गल्लीतली एक ठरलेली होती, तिला ताप आला. मग माझ्या मनात आलं, लहान पोरीच कशाला? एवढं कडक व्रत करणारी पोरगी रोज माझ्या ओट्यावर येऊन बसते, तिच्याहून कुमारिका कोण? शिवकन्या सरावावरून आली, तिला मी काही बोलूच दिलं नाही. पाटावर बसवली. तिचे पाय परातीत घेतले. मॅटवर घासून घासून टाचा दगडासारख्या झालेल्या, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. कोमट पाण्यानं धुतले, पुसले, हळदीकुंकू लावलं, पायांवर डोकं ठेवलं. ती रडायला लागली. मोठ्यानं नाही, खांदे हलत होते नुसते. मला वाटलं, भक्तीनं भरून आलं. माझेही डोळे भरले.

आणि मग मी तिच्या हातात साबुदाण्याच्या खिरीची वाटी दिली. आटवलेलं दूध, केळ्याचे काप, वेलची. तिनं वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पाटावर बसलेल्या कुमारिकेनं नैवेद्य नाकारला तर यजमानणीला किती अशुभ, हे तिला माहीत होतं. आमच्याच भागातली पोर. ती प्यायली. मी दुसरी वाटी दिली, देवीला एक वाढत नाहीत म्हणून. तीही प्यायली. नाझिया दारात उभी होती. तिनं तोंड उघडलं, आणि शिवकन्यानं तिच्याकडं असं बघितलं की तिनं ते मिटलं.

सातव्या माळेला सकाळी आठच्या सुमारास मी घटाला कारळ्याच्या फुलांची माळ घालत होते. नाझिया धावत आली. चारशे मीटर धावणारी पोरगी, पण तिला धाप लागलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. तिनं मला सगळं एका दमात सांगितलं. आज निवड चाचणी. आज सकाळी वजन. त्रेपन्नाला तीनशे ग्रॅम जास्त भरलं. अर्धा तास दिलाय. उपवास देवीचा नव्हता, मावशी, वजनाचा होता. आणि काल ती खीर.

माझ्या हातातली माळ तशीच. देवापुढं उभं राहून मला पहिल्यांदा पाठ फिरवावी लागली. चपला घालायचं भान नव्हतं, तशीच नाझियाच्या मागं विद्यापीठाच्या कुस्ती हॉलवर गेले. बावीस वर्षं कुस्तीच्या पोरींना जेवू घातलं, पण हॉल कधी आतून बघितला नव्हता. शिवकन्या दोन स्वेटर घालून हॉलभोवती पळत होती. पळत कसली, पाय ओढत होती. ओठ पांढरे. स्वेटर घामानं निथळलेले, पण आता घाम यायचा बंद झालेला, अंगात उरलंच नव्हतं काही. परत काट्यावर उभी राहिली तेव्हा मी लांबून बघत होते. काट्यावरच्या माणसानं मान हलवली. दोनशे ग्रॅम. दोनशे ग्रॅम म्हणजे किती, तर माझी एक वाटी.

त्रेपन्नात ती लिंबूटिंबू पोरगी एकटीच उरली. तिला कुस्ती न खेळताच निवडली.

सर काट्याजवळ उभे होते. तिला म्हणाले, घरी जायचं तर जा, न्हाई तर पंचावन्नात नाव टाकतो, परभणीवाली हाय. तू ठरव. शिवकन्या काही बोलली नाही, गळ्यात लिंग नव्हतं ना. तिनं पंचावन्नाच्या कागदाकडं बोट दाखवलं. मग बाहेर येऊन पायरीवर बसली. डबीतून लिंग काढलं, डोळ्यांना लावलं, गळ्यात घातलं. मी तिच्यासमोर उभी. मी म्हटलं, सांगायचं होतंस ना बाई मला. काल तरी सांगायचं होतंस.

ती म्हणाली, "पाय धुतले तेव्हाच सांगणार होते मावशी. पण देवीनं कसं म्हणावं, मी खोटी हाय म्हणून."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. मी आयुष्यभर कितीतरी वेळा देवीपुढं बसले, तिला मागितलं, तिच्यावर रुसले. पण देवी होऊन बसणाऱ्याला काय काय गिळावं लागतं, हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

जरा वेळानं ती म्हणाली, भूक लागली. सात दिवसांनी तिच्या तोंडून हा शब्द आला आणि माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं. खानावळ लांब. नाझियानं पाठपिशवीतून डबा काढला. तिच्या आईची खिचडी-खट्टा. पिवळी मसूर डाळीची खिचडी आणि तिळाचं, चिंचेचं आंबट. शिवकन्यानं डबा मांडीवर घेतला आणि नवरात्रातल्या सातव्या माळेला, माझ्यासमोर, हातानं भराभरा खाल्ला. मी पाण्याची बाटली धरून बसले. माझा उपवास होता. मला त्या आंबटाचा वास इतका बरा वाटला की मी घोटभर पाणी प्यायले.

कुस्ती अकराला झाली. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग. मला त्यातलं काही कळत नाही, गुण कशाला देतात आणि शिट्टी कशाला वाजते. पण एवढं कळलं की पहिल्या भागात परभणीच्या पोरीनं हिला दोनदा फिरवली. चार-शून्य. दुसऱ्या भागात पोटात अन्न पोचलं म्हणा की राग पोचला म्हणा, हिनं खाली वाकून तिचा पाय धरला. दोन गुण. पुन्हा धरला. दोन गुण. चार-चार. हॉलमधल्या सगळ्या पोरी उभ्या राहिल्या. मी डोळे मिटून घेतले, आणि उघडले तेव्हा शिवकन्या मॅटच्या बाहेर पडलेली होती आणि परभणीच्या पोरीचा हात वर होता. सहा-चार. दोन गुणांनी.

सर माझ्याजवळ आले. म्हणाले, "हिला पंधरा दिवस नीट खाऊ घालून पंचावन्नलाच तयार केलं असतं तर..." आणि पुढचं त्यांनी गिळलं. त्यांनाही थुंकता आलं नाही ते.

शिवकन्या पायरीवर येऊन बसली, डबीतलं लिंग गळ्यात घातलं. म्हणाली, आता बापूंना फोन करायचा. मी करू शकत न्हाई, मावशी, तुम्ही करा. मोठ्या माणसाचं ऐकतात ते. तिनं नंबर लावून फोन माझ्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे धरून बसली.

पलीकडून आधी मळणीयंत्राचाच आवाज आला. नुसती घरघर. मी म्हटलं, खानावळीतली मावशी बोलतेय. मग तो माणूस ओरडून बोलला, जमलं का वो, अक्का?

फोन लागेपर्यंत माझ्या मनात दहा गोष्टी आल्या होत्या. पंच वाईट होते म्हणून सांगावं. पोरीला ताप होता म्हणून सांगावं. देवीचा कौल म्हणून सांगावं, लोक देवीपुढं बोलत नाहीत. पण पहिल्या माळेपासून एवढं सगळं खोट्यानं झालेलं, त्यात माझं आणखी कुठं घालू?

मी म्हटलं, "न्हाई जमलं, दादा. वजनात बसली न्हाई. पोरीनं सात दिवस पोट मारलं आणि मी तिला उपवास समजून खीर पाजली. तिची चूक न्हाई, माझी हाय. मग वरच्या गटात खेळली. हारली, पण दोन गुणांनी."

यंत्राची घरघर चालूच. मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही. मी परत सांगायला तोंड उघडलं. मग त्यानं कुणाला तरी यंत्र बंद करायला सांगितलं. एकदम शांत झालं, इतकं की तिकडची चिमणी ऐकू आली.

"जेवली का आज?"

"हाव. जेवली. पोटभर."

मग म्हणाला, आभाळ आलंय वो अक्का, ढीग झाकायचाय, मला बोलायला टाइम न्हाई. ऱ्हाऊ द्या तिला तिथंच. वर्षभर नीट जेवू घाला. आणि फोन ठेवला. यंत्र पुन्हा सुरू झालेलं शेवटच्या क्षणी ऐकू आलं.

मी फोन तिच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, ऱ्हा म्हणाले.

शिवकन्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं पायाशी पडलेले दोन्ही स्वेटर उचलले, एकेक करून पिळले, पायरीवर पाणी ठिबकलं. ते कठड्यावर वाळत घातले. मग उठली, तालमीतल्या सवयीनं हॉलच्या उंबऱ्यात हात जोडले, आणि परभणीच्या पोरीची पुढची कुस्ती लागली होती ती बघायला आत गेली.